भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मतदान: नव्याने आलेल्यांसाठी

शिकायला किंवा नोकरीसाठी ब्रिटनमध्ये आलेला मराठी माणूस पहिल्या महिन्यात बँकेचं खातं उघडतो, जीपीकडे (म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवतो आणि तूरडाळ कुठल्या दुकानात मिळते ते शोधून काढतो. मतदार यादीत नाव घालायचं मात्र त्याच्या मनातही येत नाही. मत नागरिकांचं, आपण पडलो परके, असा त्याचा सरळ हिशेब असतो. इथे तो हिशेब चुकतो. भारतीय पासपोर्ट आणि इथे राहण्याचा वैध व्हिसा असेल, मग तो स्टुडंट असो की स्किल्ड वर्कर, तर तुम्ही इथल्या नगरसेवकालाच नव्हे, थेट संसदेच्या उमेदवारालाही मत देऊ शकता. त्यासाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, आयएलआर (कायम वास्तव्याचा परवाना) लागत नाही, राणीच्या (आता राजाच्या) नावाने शपथही घ्यावी लागत नाही.

हा हक्क कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही. साम्राज्याच्या काळात मताचा अधिकार 'ब्रिटिश प्रजाजनां'ना होता आणि प्रजाजन तर जगभर पसरलेले. साम्राज्य आटोपलं तरी मतदारांची ही व्याख्या राष्ट्रकुलाच्या नावाने शिल्लक राहिली. १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यामुळे भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहू शकला, आणि त्याचा हा एक लाभ आज रेडिंगच्या किंवा लेस्टरच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याच्या पदरात पडतो. पाकिस्तानी, बांगलादेशी, श्रीलंकन, नायजेरियन शेजाऱ्यालाही हाच हक्क आहे. नेपाळी मित्राला मात्र नाही, कारण नेपाळ राष्ट्रकुलात नाही. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतात तर यातून मोठी गंमत झाली होती. वीस वर्षं लंडनमध्ये कर भरणाऱ्या फ्रेंच माणसाला मत नव्हतं, आणि आदल्या वर्षी मुंबईहून आलेल्याला होतं.

'पण आपल्याला कोण विचारतंय' असं वाटत असेल तर दादाभाई नौरोजी आठवा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले हे गृहस्थ १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून खासदार झाले. त्याआधी १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरींनी जाहीर भाषणात त्यांना 'काळा माणूस' म्हणून हिणवलं होतं. इंग्रज मतदार अशा माणसाला निवडून देणार नाहीत, असा त्यांचा रोख होता. मतदारांनी दिलं, अवघ्या पाच मतांनी. फेरमोजणीत तीच आघाडी तीनवर आली. त्यांच्या नावाची नौरोजी स्ट्रीट त्याच भागात आहे, जमलं तर पाहून या.

एका भीतीचं निरसन आधीच करतो. इथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्वाला धक्का लागत नाही आणि व्हिसावरही काही परिणाम होत नाही. व्हिसावर 'पब्लिक फंड्स (सरकारी भत्ते) घेता येणार नाहीत' असं लिहिलेलं असतं, पण मत हा पब्लिक फंड नव्हे. मात्र दोन महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांचं नाव हौसेने यादीत घालू नका, ते इथले रहिवासी धरले जात नाहीत.

पायरी १: आपण नक्की कुठल्या देशात राहतो ते ठरवा

हे विचित्र वाटेल, पण सगळं इथूनच सुरू होतं. युनायटेड किंग्डममध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार भाग आहेत. आपल्याकडची राज्यं जशी एकाच साच्यातली असतात तसे हे नाहीत. वेल्स सोळाव्या शतकातच इंग्लंडच्या कायद्याखाली आणलं गेलं. स्कॉटलंडचा आणि इंग्लंडचा राजा १६०३ मध्ये एक झाला, संसद १७०७ मध्ये एक झाली, पण स्कॉटलंडने आपली न्यायव्यवस्था, आपलं चर्च आणि आपलं शिक्षण हातचं सोडलं नाही. आयर्लंड १८०१ मध्ये जोडलं गेलं, आणि १९२२ मध्ये त्याचा बहुतांश भाग बाहेर पडला. सहा परगणे मागे राहिले, तेच उत्तर आयर्लंड.

इथे एक गोंधळ मराठी घरांमध्ये हमखास होतो. लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवणजवळच्या वराड गावचे, ते आयर्लंडच्या प्रजासत्ताकाचे पंतप्रधान होते. तो स्वतंत्र देश आहे, चलन युरो आहे, व्हिसा वेगळा आहे. बेलफास्टहून डब्लिनला बस सरळ जाते आणि सीमेवर बहुधा कुणी थांबवत नाही, म्हणून ब्रिटनचा व्हिसा तिकडे चालतो असं समजू नका.

चौघांपैकी तिघांना स्वतःची विधिमंडळं आहेत. एडिंबरातली स्कॉटिश पार्लमेंट आणि कार्डिफमधली वेल्सची सेनेड्, दोन्ही १९९७ च्या सार्वमतांनंतर १९९९ मध्ये सुरू झाल्या. बेलफास्टच्या स्टॉरमाँटमधली विधानसभा १९९८ च्या गुड फ्रायडे करारातून आली, आणि तिथले पक्ष रुसले की ती अधूनमधून बंदही पडते. इंग्लंडला मात्र वेगळं विधिमंडळ नाही. इंग्लंडच्या शाळांचे आणि इस्पितळांचे निर्णय वेस्टमिन्स्टरच्या संसदेतच होतात, आणि त्या संसदेत स्कॉटलंडचे खासदारही बसतात. यावरून निघणारी कुरकुर तुमच्या ऑफिसातही कधीतरी कानावर येईल.

याचा खिशाशी काय संबंध? पगाराची स्लिप काढा आणि टॅक्स कोड बघा. तो इंग्रजी 'एस' अक्षराने सुरू होत असेल तर तुम्ही स्कॉटलंडचे करदाते आहात. तिथे आयकराचे टप्पे वेगळे आहेत, आणि चांगला पगार असेल तर कर इंग्लंडपेक्षा जास्त बसतो. 'सी' असेल तर वेल्स. डॉक्टरने लिहून दिलेल्या औषधांना इंग्लंडमध्ये दर औषधामागे पैसे पडतात. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये ते बंद केले. मुलं असतील तर स्कॉटलंडमध्ये ए लेव्हलऐवजी हायर्सच्या परीक्षा आहेत हे आधीच लक्षात घ्या. मत कुठल्या निवडणुकीत, कोणत्या वयापासून आणि कोणत्या पद्धतीने द्यायचं, तेही याच चौकटीवर ठरतं.

आणि हो, ग्लासगोच्या सहकाऱ्याला 'तुम्ही इंग्लिश लोक' म्हणू नका. २०१४ च्या सार्वमतात स्कॉटलंडने ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं, पण ४५ म्हणजे थोडेथोडके नव्हेत. दोन वर्षांनी ब्रेक्झिटच्या वेळी स्कॉटलंडमधल्या ६२ टक्के लोकांनी युरोपात राहू या म्हटलं आणि तरी बाहेर पडावं लागलं, ही सल अजून आहे. उत्तर आयर्लंडमध्ये त्याहून जपून बोला. तिथे स्वतःला ब्रिटिश म्हणवणं की आयरिश म्हणवणं यात कुटुंबाचा सगळा इतिहास येतो. डेरी या शहराला कोण डेरी म्हणतं आणि कोण लंडनडेरी, यावरूनही माणूस ओळखला जातो. समोरचा जे म्हणेल तेच आपण म्हणावं, हा सोपा मार्ग.

पायरी २: यादीत नाव घाला

इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये सरकारी संकेतस्थळावर मतदार नोंदणीचं एक पान आहे, गोव्ह डॉट यूकेवर सहज सापडतं. पाचेक मिनिटांचं काम. जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो. तो नंबर अजून आला नसेल तर तसं कारण लिहा, कौन्सिलचं (इथल्या नगरपालिकेचं) निवडणूक कार्यालय दुसरा पुरावा मागेल. उत्तर आयर्लंडची नोंदणी वेगळ्या कार्यालयाकडे, म्हणजे तिथल्या इलेक्टोरल ऑफिसकडे असते.

नाव लिहिताना थांबा. आपल्या नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, आणि भारतीय पासपोर्टवर ते बहुतेक वेळा 'गिव्हन नेम'च्या रकान्यात पहिल्या नावाला चिकटून येतं. बँकेत एक नाव, ऑफिसात दुसरं, यादीत तिसरं असं करू नका. मतदान केंद्रावर ओळखपत्रावरचं नाव यादीतल्या नावाशी पडताळतात, तेव्हा पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहा. एखादं अक्षर इकडे-तिकडे झालं तर सहसा चालवून घेतात, आडनावच वेगळं असेल तर नाही. लग्नानंतर नाव बदललं असून पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर लग्नाचा दाखला सोबत न्यायचा.

एका घरात पाच जण भाड्याने राहत असाल तर पाचही जणांनी वेगवेगळी नोंदणी करायची. घरमालकाने किंवा कुटुंबप्रमुखाने सगळ्यांची नावं भरून पाठवायची पद्धत २०१४ पासून बंद झाली. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या गावी आणि घरच्या गावी अशा दोन्ही पत्त्यांवर नाव ठेवता येतं, पण संसदेच्या निवडणुकीत मत एकदाच.

अर्जात शेवटी 'ओपन रजिस्टर'बद्दल विचारतात. ही यादी कुणालाही विकत घेता येते, तेव्हा त्यातून नाव वगळायला सांगा, मतदानाच्या हक्कावर परिणाम होत नाही. पूर्ण यादी मात्र क्रेडिट एजन्सींना पाहता येते आणि त्याचा तुम्हाला फायदाच आहे. नवख्या माणसाला मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट मिळेना, क्रेडिट कार्ड नाकारलं गेलं, अशा वेळी मतदार यादीत पत्ता सापडणं उपयोगी पडतं. खरं सांगायचं तर लोकशाहीच्या प्रेमापेक्षा याच कारणाने नाव नोंदवणारे आपले लोक मी जास्त पाहिलेत. असो, नाव नोंदलं जातंय हे महत्त्वाचं.

निवडणूक जाहीर झाल्यावर नोंदणीची मुदत मतदानाच्या १२ कामकाजी दिवस आधी मध्यरात्री संपते. तोवर थांबण्यात अर्थ नाही. कौन्सिलने नोंदणी करा असं लेखी कळवूनही दुर्लक्ष केलंत तर ८० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

पायरी ३: कोणत्या निवडणुका, कशी मतपत्रिका

संसदेच्या ६५० जागा आहेत. इंग्लंडच्या ५४३, स्कॉटलंडच्या ५७, वेल्सच्या ३२, उत्तर आयर्लंडच्या १८. पद्धत आपल्या ओळखीची आहे, लोकसभेसारखी: ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून आला. आपण ती यांच्याकडूनच घेतली. त्यामुळे तिचे चटकेही ओळखीचे. २०२४ मध्ये लेबर पक्षाला सुमारे ३४ टक्के मतांवर ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म पक्षाला १४ टक्के मतं आणि फक्त ५ जागा, तर लिबरल डेमोक्रॅट्सना १२ टक्के मतं आणि ७२ जागा. मतं कुठे एकवटली यावर सगळं. म्हणून आपल्या मतदारसंघात मागच्या वेळी पहिल्या दोन क्रमांकांवर कोण होतं ते आधी पाहा, देशभरातल्या जनमत चाचण्या नंतर.

पंतप्रधानाला थेट मत देता येत नाही. मतपत्रिकेवर फक्त तुमच्या मतदारसंघातले उमेदवार असतात. म्हणूनच मधेच पंतप्रधान बदलला तरी निवडणूक होत नाही. २०२२ मध्ये जॉन्सन, ट्रस आणि सुनक असे तीन पंतप्रधान एका वर्षात झाले ते असेच.

स्कॉटिश पार्लमेंटसाठी दोन मतपत्रिका मिळतात, एक मतदारसंघाच्या उमेदवाराची आणि दुसरी प्रादेशिक यादीची. स्कॉटलंडच्या कौन्सिल निवडणुकीत आणि उत्तर आयर्लंडच्या विधानसभेसाठी फुली मारायची नसते, पसंतीक्रमाने १, २, ३ असे आकडे लिहायचे. आपल्याकडची विधान परिषदेची निवडणूक ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लगेच कळेल. वेल्सच्या सेनेड्साठी २०२६ पासून पक्षाच्या यादीला मत द्यायचं. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तिथल्या निवडणुकांसाठी वय १६ पुरतं, आणि तिथे वैध व्हिसावर राहणारा कुठल्याही देशाचा नागरिक मत देऊ शकतो. म्हणजे त्या नेपाळी मित्राने एडिंबरात बिऱ्हाड केलं तर त्यालाही मत आहे, फक्त वेस्टमिन्स्टरसाठी नाही. संसदेसाठी १८ वर्षांची अट १६ वर आणण्याचा इरादा सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला, तेव्हा घरात कॉलेजच्या वयाची मुलं असतील तर नियम ताजे तपासून घ्या.

पायरी ४: मतदानाचा दिवस

मतदान बहुतेक वेळा गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०. सुट्टी मिळत नाही, ऑफिसच्या आधी किंवा नंतर जायचं. केंद्र शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये, वाचनालयात, क्वचित पबमध्येही असतं. कुठे ते पोस्टाने आलेल्या पोल कार्डावर लिहिलेलं असतं. कार्ड हरवलं तरी मत देता येतं, पण केंद्र तेच लागतं, गावातलं कुठलंही चालत नाही.

ओळखपत्र मात्र विसरू नका. २०२३ पासून इंग्लंडच्या स्थानिक निवडणुकांत आणि नंतर सगळीकडे संसदेच्या निवडणुकीसाठी फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट चालतो, म्हणजे आपला निळा पासपोर्ट चालतो. ब्रिटनचा ड्रायव्हिंग लायसन्स चालतो, प्रोव्हिजनल (शिकाऊ) सुद्धा. फोटो ओळखू येत असेल तर मुदत संपलेलंही चालतं. फोनवरचा ई-व्हिसा दाखवून भागत नाही, ऑफिसचं किंवा कॉलेजचं कार्डही नाही. पासपोर्ट व्हिसाच्या किंवा नूतनीकरणाच्या कामासाठी बाहेर गेला असेल, तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट, म्हणजे मतदानापुरतं फोटो ओळखपत्र, फुकट मिळतं, पण अर्ज मतदानाच्या सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत पोचायला हवा. स्कॉटलंड आणि वेल्सच्या स्वतःच्या निवडणुकांना ओळखपत्र लागत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये ते कितीतरी आधीपासून लागतं आणि तिथली यादी वेगळी आहे, ती इलेक्टोरल ऑफिसकडून पाहून घ्या.

दाराबाहेर छातीवर रंगीत फुलासारखा बिल्ला लावलेले लोक उभे असतात आणि हसून तुमचा मतदार क्रमांक विचारतात. ते सरकारी नव्हेत, पक्षाचे कार्यकर्ते. लाल लेबर, निळा कॉन्झर्व्हेटिव्ह, नारिंगी-पिवळा लिबरल डेमोक्रॅट. आपले कोणते समर्थक येऊन गेले याची ते नोंद ठेवतात. सांगायचं नसेल तर 'नको' म्हणा, कुणी रागावत नाही.

आत गेल्यावर यंत्र दिसत नाही. कागद, लाकडी आडोसा, आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. पहिल्यांदा पाहून हसू येतं. आवडत नसेल तर खिशातलं पेन वापरा, परवानगी आहे. संसदेसाठी एकच फुली, चौकटीच्या आत. नाव लिहू नका, सही करू नका, कागद दुमडून पेटीत टाका. बोटाला शाई लावत नाहीत, त्यामुळे घरच्या ग्रुपवर शाईचं बोट पाठवायची सोय नाही. आत फोटोही काढू नका, चुकून दुसऱ्याच्या मताची गुप्तता मोडली तर गुन्हा होतो. मुलांना बरोबर नेता येतं.

त्या दिवशी गावात नसाल तर टपालाने मत देता येतं. अर्ज ११ कामकाजी दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत (उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे). मतपत्रिका बाहेरगावी पाठवून परत यायला वेळ लागतो, तेव्हा सुट्टीत भारतात असाल तर त्यापेक्षा प्रॉक्सी बरी: तुमच्या वतीने विश्वासातल्या माणसाने मत द्यायचं. त्याचा अर्ज सहा कामकाजी दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत, उत्तर आयर्लंड सोडून.

रात्री १० वाजले की टीव्हीवर एक्झिट पोल येतो. तो इथे बऱ्यापैकी खरा ठरतो, आपल्याकडच्या अनुभवावरून उडवून लावू नका. मोजणी त्याच रात्री हाताने होते, आणि पहाटे एका मंचावर सगळे उमेदवार ओळीने उभे करून निकाल वाचतात. कधी पंतप्रधानाच्या शेजारी डोक्यावर कचऱ्याचा डबा घातलेला 'काउंट बिनफेस' नावाचा विनोदी इसम उभा असतो. तोही रीतसर उमेदवार, ५०० पौंड अनामत भरलेला. पाच टक्के मतं मिळाली नाहीत तर इथेही डिपॉझिट जप्त होतं, आणि त्याचं होतंच.

पायरी ५: निवडून आलेल्यांना कामाला लावा

मत देऊन झालं की आपले लोक पुढच्या निवडणुकीपर्यंत विसरतात. खरं तर खासदाराचा उपयोग मधल्या काळातच. दर खासदार आपल्या मतदारसंघात लोकांना भेटायला ठरावीक वेळ बसतो, बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी. या बैठकीला सर्जरी म्हणतात. व्हिसाचा अर्ज महिनोन्महिने होम ऑफिसात अडकला, पासपोर्ट परत येत नाही, अशा कामांसाठी खासदाराच्या कार्यालयातून चौकशी गेली की निदान उत्तर तरी येतं. ईमेल करताना पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहाच, कारण दुसऱ्या मतदारसंघातल्या माणसाचं काम ते घेत नाहीत. ओळख काढायची, कुणाची चिठ्ठी न्यायची गरज नाही. यादीत नाव नसलं तरी खासदार तुमचाच असतो.

मात्र कचऱ्याचा डबा उचलला नाही, रस्त्यावर खड्डा आहे, पार्किंगची परवानगी हवी, हे खासदाराला लिहू नका. ते कौन्सिलचं काम, त्यासाठी नगरसेवक गाठा. इंग्लंडच्या काही भागांत डिस्ट्रिक्ट आणि काउंटी अशी दुहेरी कौन्सिलं आहेत: कचरा एकीकडे, रस्ते आणि शाळा दुसरीकडे. कौन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारख्या कराच्या) बिलावर कुणाला किती पैसे जातात ते छापलेलं असतं, तेवढं वाचलं तरी अर्धा गोंधळ मिटतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये इस्पितळ किंवा शाळेची तक्रार असेल तर वेस्टमिन्स्टरच्या खासदाराआधी तिथल्या विधिमंडळाचा सदस्य गाठायचा.

घर बदललं की नोंदणी पुन्हा करायची, ती आपोआप मागे येत नाही. कौन्सिल टॅक्सचा पत्ता बदलला म्हणून मतदार यादीही बदलली असं समजून आपले बरेच जण मतदानाच्या दिवशी हात हलवत परत येतात. नव्या घराच्या चाव्या मिळाल्या की ब्रॉडबँडच्या अर्जाबरोबरच हाही अर्ज भरून टाका. मँचेस्टरहून ग्लासगोला गेलात तर टॅक्स कोडच्या आधी 'एस' आला का तेही पुढच्या स्लिपवर बघा.